शिकलेला मुलगा आणि शेताचा भार

(गंगाखेड येथे शेतकरी व पालकांच्या मेळाव्यात केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून)



तुरीवरील मर रोग आणि सोयाबीनचे बियाणे यांवर माझे सहकारी दुपारच्या सत्रात बोलणार आहेत. मला विषय मिळाला आहे तो थोर विद्वानांच्या शिक्षणाचा. या विषयावरची भाषणे आपण शाळेच्या स्नेहसंमेलनात बरीच ऐकलेली आहेत. अमक्याने कंदिलाच्या उजेडात अभ्यास केला, तमका नदी पोहून शाळेत गेला, असे त्यात सांगतात. मुले टाळ्या वाजवतात आणि पालक घरी जाऊन पुन्हा त्याच विवंचनेत पडतात, की फी कोठून भरायची आणि शिकून पोरगा करणार काय? म्हणून मी आज कंदिलाविषयी बोलणार नाही. शिक्षणाला पैसा कोठून आला, पदवी मिळाल्यावर पहिली काही वर्षे कशी गेली आणि त्या शिक्षणाचा शेतीशी संबंध केव्हा आला, एवढेच सांगणार आहे.

आपल्या तालुक्यातली स्थिती तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. गोदाकाठची काळी जमीन एका बाजूला आणि बालाघाटाचा डोंगरपट्टा दुसऱ्या बाजूला. डोंगरपट्ट्यातली कुटुंबे दसरा-दिवाळी झाली की उचल घेऊन ऊसतोडीला जातात आणि पोरांची शाळा मध्येच सुटते. काठावरच्या गावांत दुसरीच गोष्ट ऐकू येते. मुलाला लातूरला किंवा पुण्याला क्लासला ठेवायचे म्हणून एकरभर रान विकले. विकणारा बाप वाईट नसतो, त्याला मुलाचे भले करायचे असते. पण हा व्यवहार फायद्याचा आहे का, याचा हिशेब आपण फारसा मांडत नाही. तो हिशेब एका सत्तावीस वर्षांच्या तरुणाने १९१८ मध्येच मांडून ठेवलेला आहे. त्याच्याकडे येण्याआधी वर्ध्याच्या एका माणसाची हकीकत सांगतो, कारण त्यांनी प्रत्यक्ष शेतीचेच शिक्षण घेतले होते.

डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८४ रोजी वर्धा येथे झाला. शाळा वर्धा आणि नागपूर येथे झाली. लोकमान्य टिळकांच्या विचारांचा प्रभाव पडला आणि विशी ओलांडताच ते देश सोडून जपानमार्गे अमेरिकेत गेले. हेतू दोन होते, लष्करी शिक्षण घेणे आणि शेतीशास्त्र शिकणे. जवळ पैसा नव्हता. तिकडे त्यांनी मिळेल ते अंगमेहनतीचे काम केले आणि त्यावर शिक्षण चालविले. कॅलिफोर्नियातील एका लष्करी शाळेत काही काळ शिकून पुढे ते ऑरेगन राज्याच्या कृषी महाविद्यालयात आणि नंतर वॉशिंग्टन राज्याच्या महाविद्यालयात शेतीशास्त्र शिकले. मजुरी करणारे पंजाबी शेतकरी त्या भागात पुष्कळ होते. त्यांच्यात मिसळून स्वातंत्र्यासाठी संघटना बांधण्याचे काम चालूच होते. १९१३ मध्ये स्थापन झालेल्या गदर पक्षाच्या उभारणीत त्यांचा वाटा होता.

आता नीट लक्ष द्या. हातात शेतीची पदवी आहे, वय तिशीला टेकलेले आहे आणि पहिले महायुद्ध सुरू होते. खानखोजे नोकरी धरत नाहीत. ते इराणच्या बाजूला जाऊन इंग्रजांविरुद्धच्या लढ्यात उतरतात, जखमी होतात, लपतछपत फिरतात. युद्ध संपल्यावर बर्लिन, मग मॉस्को. मायदेशी परतण्याची वाट बंद. शेतीच्या पदवीचा या दहा वर्षांत काडीचाही उपयोग झालेला नाही. वर्ध्याच्या घरी त्या वेळी काय बोलले जात असेल याची कल्पना आपण करू शकतो. आपल्याकडे पदवीनंतर दोन वर्षे मुलगा घरी बसला तर पाहुणे विचारायला लागतात.

१९२४ मध्ये ते मेक्सिकोत पोहोचले. अमेरिकेत असताना ओळख झालेले एक मेक्सिकन गृहस्थ, रामोन दे नेग्री, तेथे आता सरकारात होते. त्या ओळखीतून चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात अध्यापनाचे काम मिळाले. चापिंगो ही पूर्वी एका मोठ्या जमीनदारीची वाडी होती. मेक्सिकोत क्रांती झाल्यावर तेथे कृषी विद्यालय आले. शोषण जमिनीचे शिकवावे, माणसाचे नव्हे, अशा अर्थाचे त्या संस्थेचे बोधवाक्य आहे. वर्ध्याचा माणूस तेथे स्पॅनिश भाषेत शेती शिकवू लागला आणि दहा वर्षे पडून राहिलेली विद्या कामाला आली.

मका हे मेक्सिकोचे मूळचे पीक. आपल्याकडे ज्वारीची जी जागा, तीच तिकडे मक्याची. खानखोजे यांनी मका आणि त्याचा रानटी भाऊबंद तेओसिंते यांच्या संकरावर काम केले, जास्त कणसे देणाऱ्या वाणांचा पाठपुरावा केला आणि १९३० च्या सुमारास मक्याच्या नव्या वाणांवर पुस्तिका प्रसिद्ध केली. त्यातील छायाचित्रे तीना मोदोत्ती या नामांकित छायाचित्रकार बाईंनी काढली होती. पण मला त्यांचे दुसरे काम अधिक महत्त्वाचे वाटते. शेतकरी विद्यालयात येऊ शकत नसेल तर विद्यालय शेतकऱ्याकडे गेले पाहिजे, या विचाराने त्यांनी 'मुक्त कृषी शाळा' सुरू केल्या. खेडुतांसाठी, खेड्यात, पिकाच्या शेजारी उभे राहून चालणारे शिक्षण. आज कृषी विद्यापीठे ज्याला विस्तार शिक्षण म्हणतात ते हेच. भिंतीवर भव्य चित्रे काढणारे दिएगो रिव्हेरा हे त्यांचे स्नेही होते आणि चापिंगोच्या जुन्या प्रार्थनाघरात रिव्हेरा यांनी काढलेली चित्रे आजही पाहायला मिळतात. स्वातंत्र्यानंतर खानखोजे भारतात परतले, नागपूरला राहिले आणि १९६७ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. मेक्सिकोतल्या शेतकऱ्यांना जे मिळाले ते वऱ्हाड-मराठवाड्याला मिळाले असते तर, असा विचार मनात येतोच. असो.

आता सत्तावीस वर्षांच्या तरुणाकडे येतो. तो तरुण म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. आपण त्यांना घटनाकार म्हणून ओळखतो. त्यांनी सुरुवातीच्या काळात शेतजमिनीवर संशोधन केले होते, हे गावोगाव माहीत नाही.

पैशाची बाजू आधी पाहू. एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकत असताना सयाजीराव गायकवाड महाराजांकडून त्यांना महिना २५ रुपये मिळत. १९१३ मध्ये पदवी मिळाली आणि त्याच वर्षी वडील वारले. त्यानंतर बडोदा संस्थानच्याच शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. मोबदल्यात परत आल्यावर बडोद्याची नोकरी करण्याचा करार होता. १९१५ मध्ये एम. ए. झाले, १९१६ मध्ये लंडनला अर्थशास्त्र आणि कायदा यांच्या अभ्यासासाठी नाव घातले. तेवढ्यात शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. पुस्तकांचे सामान ज्या जहाजावर चढवले होते ते युद्धात बुडाले. बडोद्यात नोकरी तर मिळाली, पण इतक्या शिकलेल्या माणसाला जातीमुळे राहायला जागा कोणी देईना. कचेरीतला शिपाई कागद हातात न देता लांबून टाकी. काही दिवसांतच ते मुंबईला परतले. मग शिकवण्या केल्या, शेअरबाजाराबाबत सल्ला देण्याचा व्यवसाय करून पाहिला. गिऱ्हाइकांना जात कळली आणि तोही बंद पडला. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनॅहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी मिळाली. तेथून पगारातले पैसे मागे टाकले, नवल भथेना या मित्राकडून कर्ज घेतले, शाहू महाराजांची मदत झाली आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. एम. एस्सी. १९२१ मध्ये, डी. एस्सी. १९२३ मध्ये. पाच-सहा वर्षांपूर्वी अर्धवट राहिलेले काम माणसाने परत जाऊन पुरे केले.

या सगळ्या धकाधकीत, १९१८ मध्ये, त्यांनी भारतातील लहान धारणक्षेत्रे व त्यांवरील उपाय या विषयावर एक दीर्घ लेख प्रसिद्ध केला. त्या वेळी विद्वानांत चर्चा चालू होती की वाटण्यांमुळे जमिनीचे तुकडे पडतात म्हणून शेती तोट्यात जाते, तेव्हा कायदा करून तुकडे एकत्र करा आणि धारणक्षेत्र मोठे करा. बाबासाहेबांनी विचारले, मोठे म्हणजे किती? एका कुटुंबाचे पोट भरेल इतके, असे उत्तर दिले जाई. ते म्हणाले, हे मोजमापच चुकीचे आहे. शेत लहान की मोठे हे नुसत्या एकरावर ठरत नाही. त्यावर लावायला बैल, अवजारे, भांडवल आणि मनुष्यबळ किती आहे, त्यांचा जमिनीशी मेळ कसा बसतो, यावर ते ठरते. ज्याच्याकडे बैलजोडीच धड नाही त्याला आणखी दहा एकर दिले तर त्याचा तोटा वाढेल.

हे आपल्या भाषेत सांगायचे तर, ज्याच्याकडे पाच एकर, एक विहीर आणि ठिबक आहे त्याचे शेत पंधरा एकर कोरडवाहूपेक्षा मोठे असू शकते. हे तुम्ही रोज पाहता.

त्यांचा पुढचा मुद्दा आजच्या विषयाचा गाभा आहे. ते म्हणाले, खरा रोग जमिनीचे तुकडे हा नसून जमिनीवर विसंबून असलेल्या माणसांची गर्दी हा आहे. शेतावर जितके हात लागतात त्याहून जास्त हात तेथे अडकून पडले आहेत. हे जादा हात खातात पण उत्पन्नात भर घालत नाहीत, कारण त्यांना करायला काम नाही. दुसरीकडे काम नसल्यामुळे प्रत्येक भाऊ वाटणी मागतो आणि म्हणून तुकडे पडतात. उपाय काय? शेतीबाहेर काम निर्माण करा, उद्योग वाढवा. शेतावरचा भार कमी झाला की उरलेल्याच्या वाट्याला येणारी जमीन आणि भांडवल दोन्ही वाढतात.

आता आपला हिशेब करू. समजा एका बापाची सहा एकर जमीन आहे आणि दोन मुले आहेत. एक शिकून बाहेर कामाला लागला आणि त्याने वाटणीसाठी तगादा लावला नाही, तर शेतावर राहिलेल्या भावाकडे सहा एकर राहतात. तीन एकराच्या मानाने हे शेत दुप्पट झाले. शिक्षणाने शेतीला केलेला हा सर्वांत मोठा उपकार आहे. पण शिक्षणासाठीच दोन एकर विकले तर? शेतावर उरलेल्याकडे चार एकर. आणि शिकलेल्याला काम मिळाले नाही व तो परत आला, तर दोघांत चार एकर. म्हणजे भार होता तितकाच राहिला आणि जमीन मात्र गेली. सावकाराचे कर्ज फिटू शकते, पण मोंढ्यात चांगला भाव मिळाला म्हणून विकलेले रान परत घेता येत नाही. शिक्षणावर खर्च करू नका असे मी म्हणत नाही. तो खर्च जमिनीतून काढू नका, एवढेच म्हणतो. आणखी एक गोष्ट. ज्याच्या नावावर जमीनच नाही, त्या ऊसतोड कामगाराच्या मुलाला तर शिक्षण हाच एकमेव वाटा आहे. त्याची शाळा साखर कारखान्याच्या हंगामात सुटू नये याची काळजी गावाने घ्यायला हवी. आजी-आजोबांकडे मूल मागे ठेवले जाते तेव्हा शेजाऱ्यांनी त्याच्या शाळेकडे लक्ष दिले तरी पुष्कळ होते.

डॉ. पंजाबराव देशमुख यांचे नाव या मेळाव्यात घेतले नाही तर तुम्हीच मला विचाराल. अमरावती जिल्ह्यातील पापळ या गावी २७ डिसेंबर १८९८ रोजी शेतकरी घरात त्यांचा जन्म झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून १९२० मध्ये ते इंग्लंडला गेले. एडिंबरो येथे संस्कृतच्या अभ्यासासाठी शिष्यवृत्ती मिळाली. बॅरिस्टर झाले आणि डॉक्टरेट मिळविली. प्रबंधाचा विषय वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास. शेतीचा त्यात काही संबंध नाही. १९२६ मध्ये परत आले, अमरावतीस वकिली सुरू केली, बहुजनांच्या मुलांसाठी वसतिगृह काढले आणि १९३२ मध्ये शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. पुढे १९५२ पासून दहा वर्षे ते देशाचे कृषिमंत्री होते आणि १९५५ मध्ये त्यांनी भारत कृषक समाज स्थापन केला. वेदांवर प्रबंध लिहिणारा माणूस शेतकऱ्यांचा मंत्री होतो. तेव्हा मुलाने शेतीचाच अभ्यासक्रम घेतला नाही म्हणून तो शेतीला पारखा झाला, असे समजू नये. उलट, शेतीची पदवी घेऊन त्यानंतर चार-पाच वर्षे रानात पाऊलही न टाकता केवळ स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत बसलेली मुले मला रोज भेटतात. परीक्षा द्यावी, त्यात वावगे नाही. मात्र पदव्या हजारो आणि जागा शेकड्यांत असताना ती मुले शिकलेले शेतीशास्त्र विसरून बसतात, हे मला पटत नाही.

मुलींच्या बाबतीत डॉ. कमला सोहोनी यांची हकीकत सांगितलीच पाहिजे. १९३३ मध्ये मुंबईहून पदवी घेऊन त्यांनी बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला. संस्थेचे प्रमुख होते नोबेल पारितोषिक विजेते सर सी. व्ही. रामन. मुलगी आहे म्हणून त्यांनी नकार दिला. कमलाबाई हटल्या नाहीत. शेवटी वर्षभर काम पाहू आणि मग ठरवू, अशा अटीवर प्रवेश मिळाला. तेथे त्यांनी दूध आणि डाळी यांमधील प्रथिनांवर काम केले. म्हणजे आपल्या मुगा-तुरीवरच. पुढे केंब्रिजला जाऊन १९३९ मध्ये डॉक्टरेट घेतली. बटाट्यावर काम करताना, प्राण्यांच्या शरीरात आढळणारा सायटोक्रोम सी हा घटक वनस्पतीतही असतो, असे त्यांनी दाखवून दिले. प्रबंध अवघा चाळीस पानांचा होता. मायदेशी आल्यावर दिल्ली, कुन्नूर आणि नंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी काम केले आणि गरिबांच्या पोषणासाठी नीरेचा अभ्यास केला. मुलीला बारावीनंतर थांबवण्याचा विचार ज्या घरी चालू आहे, तेथे हे बोलणे व्हावे.

आणि परीक्षेत नापास झालेल्या मुलांच्या पालकांसाठी दूरचे उदाहरण नको. नरहर कुरुंदकर हे १९३२ मध्ये नांदापूरचे, म्हणजे त्या वेळच्या आपल्याच परभणी जिल्ह्यातले. हैदराबादला शिकायला गेले आणि इंटरच्या परीक्षेत पुन्हा पुन्हा अडकले. नांदेडला शाळामास्तरकी केली. वाचन चालू ठेवले. पदव्या नंतर, सावकाश घेतल्या आणि नांदेडच्या पीपल्स महाविद्यालयात प्राध्यापक व पुढे प्राचार्य झाले. महाराष्ट्रभर लोक त्यांचे व्याख्यान ऐकायला गर्दी करीत.

आपल्या भागात पूर्वी शिकणे किती अवघड होते हेही तरुणांनी ध्यानात ठेवावे. निजामी राजवटीत १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले ते उर्दू माध्यमाचे. मराठी घरातल्या मुलाला आधी भाषा शिकायची आणि मग विषय, अशी कसरत होती. औरंगाबादला बाबासाहेबांनी १९५० मध्ये महाविद्यालय काढले, परभणीला कृषी महाविद्यालय १९५६ मध्ये आले, मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये आणि कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ रोजी. आज गंगाखेडहून परभणीला गाडीत बसले की तासाभरात पोहोचता येते.

आता खर्चाविषयी थोडे. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरावे लागतात. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी पंजाबरावांच्याच नावाने वसतिगृह निर्वाह भत्त्याची योजना आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिकणाऱ्या, आठ लाखांच्या आतील उत्पन्नाच्या कुटुंबातील मागासवर्गीय व आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलींना २०२४ पासून शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत दिली गेली. अटी व मुदती बदलत असतात, म्हणून महाविद्यालयाच्या कचेरीत स्वतः जाऊन विचारा. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि सातबारा जूनपूर्वीच काढून ठेवा. दाखल्यासाठी ऐनवेळी तहसिलात रांग लावावी लागते आणि मुदत टळते, हे दरवर्षी घडते. शैक्षणिक कर्ज घ्यायचे असेल तर साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जासाठी शासनाची हमी योजना आहे. बँकेने सातबारा तारण मागितला तर त्या योजनेचे नाव घेऊन लेखी कारण मागा.

दहावीनंतर लवकर कामाला लागायचे असेल त्यांच्यासाठी मराठी माध्यमाची दोन वर्षांची कृषी पदविका आहे. गावात बियाणे-खतांचे दुकान किंवा रोपवाटिका काढू पाहणाऱ्या मुलांनी तिचा जरूर विचार करावा.

शेवटी एक विनंती. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षात विद्यार्थी ग्रामीण कार्यानुभवासाठी खेड्यात येऊन राहतात. तुम्ही त्यांना कृषिदूत, कृषिकन्या म्हणता. माती परीक्षण आणि बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक दाखवून, फोटो काढून त्यांना परत पाठवू नका. आखाड्यावर न्या, तुमच्या खर्चाची वही त्यांच्यापुढे ठेवा, गेल्या वर्षी कोणते पीक का बुडाले ते विचारा आणि उत्तर आले नाही तर विद्यापीठात विचारून आठ दिवसांत परत यायला सांगा. खरिपात तुमच्या गावी मुले आली आणि असा प्रश्न घेऊन परभणीला परतली, तर आमच्या विभागाकडे तो लिहून द्यावा असे मी त्यांना सांगून ठेवले आहे.